पाणथरी काढण्याआधी विचारा: बंद झालेली शीर नेमकी कोणती?

पत्र थोडक्यात: "माझ्या मिस्टरांचं वय ४६. गेल्या पाच वर्षांत स्वादुपिंडाला सूज येऊन तीनदा ॲडमिट झाले. दोन महिन्यांपूर्वी अचानक काळी शी व्हायला लागली, चक्कर येऊन पडले. हिमोग्लोबिन ६.२ वर आलं होतं. एन्डोस्कोपीत जठराच्या वरच्या भागात फुगलेल्या शिरा दिसल्या, तिथे ग्लू टाकला. सीटी स्कॅनमध्ये 'स्प्लेनिक व्हेन थ्रॉम्बोसिस' आलंय. लिव्हरच्या रक्ततपासण्या नॉर्मल आहेत. सर्जन म्हणतात, पाणथरी काढावी लागेल. दुसरे डॉक्टर म्हणतात, ग्लू टाकलाय, पुन्हा रक्त आलं तर बघू. नणंदेचे यजमान म्हणतात, शिरा फुगल्या म्हणजे लिव्हर संपलं, आता ट्रान्सप्लांटच. सासूबाई म्हणतात, पाणथरी काढली की अंगात रक्त बनत नाही. एका ओळखीच्यांनी विचारलं, गुठळी आहे तर रक्त पातळ करायच्या गोळ्या का दिल्या नाहीत? आणि मिस्टर म्हणतात, मला आता काहीच होत नाही, ऑपरेशन कशाला? दारू पूर्ण बंद आहे असं आम्ही डॉक्टरांना सांगितलंय. खरं म्हणजे ते अधूनमधून घेतात. मी काय करू?"

ताई,

घरात प्रत्येकाचं मत वेगळं आहे, आणि निर्णय मात्र तुमच्या गळ्यात पडलाय. तुमच्या प्रश्नाकडे येण्याआधी एक गोष्ट सुटी करून घेऊ, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. पोटातल्या शिरा फुगल्या म्हणजे आजार एकच, असं सगळे धरून चाललेत. पण शिरा फुगणं ही खूण आहे. आजार आहे कुठेतरी पुढे रक्ताची वाट अडण्याचा. ती कुठे अडली आहे त्यावर उपचार ठरतो. एका जागी अडली असेल तर पाणथरी काढल्याने माणूस या त्रासातून मोकळा होतो, आणि दुसऱ्या जागी अडली असेल तर तीच पाणथरी काढून नुकसान होतं.

पाणथरी, म्हणजे डॉक्टर जिला स्प्लीन म्हणतात ती, डाव्या बरगड्यांच्या आत असते. निरोगी माणसात साधारण मुठीएवढी, दीडशे ग्रॅमच्या आसपास. तिच्यातून निघणारी मोठी शीर स्वादुपिंडाच्या पाठीला चिकटून डावीकडून उजवीकडे जाते. स्वादुपिंडाच्या मानेमागे तिला आतड्यांकडून आलेली शीर मिळते. दोघींची मिळून पोर्टल व्हेन होते आणि ती लिव्हरमध्ये शिरते. आता बघा, स्वादुपिंडाला तीनदा सूज आली आणि ही शीर त्याच्या पाठीला चिकटलेली. सूज तिच्या भिंतीपर्यंत जाते, आजूबाजूला साचलेलं पाणी किंवा झालेली गाठ तिला दाबते, आतलं रक्त संथ होतं आणि गोठतं. रिपोर्टातलं 'स्प्लेनिक व्हेन थ्रॉम्बोसिस' म्हणजे हेच, पाणथरीच्या शिरेत गुठळी. वारंवार स्वादुपिंडदाह झालेल्यांत ही शीर बंद होणं ही नवलाची गोष्ट नाही.

शीर बंद झाली तरी रोहिणीतून पाणथरीत रक्त येतच राहतं. त्याला बाहेर पडायला वाट हवी. पाणथरी आणि जठराचा वरचा फुगीर भाग, म्हणजे फंडस, यांच्यामध्ये काही आखूड, बारीक शिरा असतात. एरवी त्या जठराचं रक्त पाणथरीच्या शिरेत आणून सोडतात. हमरस्ता बंद झाल्यावर त्यांच्यातून रक्त उलटं वाहायला लागतं आणि जठरावरून वळसा घालून पोर्टल व्हेन गाठतं. गावातल्या बोळातून मालट्रक जायला लागावेत तशी त्या नाजूक शिरांची अवस्था होते. त्या ताणतात, फुगतात आणि एखाद्या दिवशी फुटतात. तुमच्या मिस्टरांची काळी शी तिथून आली. या सगळ्या प्रकाराला डाव्या बाजूचं पोर्टल हायपरटेन्शन म्हणतात. यात लिव्हरचा दोष नसतो, आणि पोर्टल व्हेनमधला दाबही सहसा ठीकच असतो. तेव्हा फक्त शिरा फुगल्या एवढ्यावरून ट्रान्सप्लांटचा विषय निघत नाही, हे नणंदेच्या यजमानांना निश्चिंतपणे सांगा.

पण हे सांगण्याआधी रिपोर्ट पुन्हा वाचून घ्या. एन्डोस्कोपीच्या कागदावर 'आयजीव्ही-१' असं लिहिलंय का बघा. जठरातल्या फुगलेल्या शिरांची ही वर्गवारी दिल्लीचे डॉ. शिवकुमार सरीन आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली मांडली, आणि आज जगभर तीच वापरतात. आयजीव्ही-१ म्हणजे फुगवटा फक्त फंडसमध्ये, अन्ननलिकेत नाही. अन्ननलिका साफ, फंडस भरलेला आणि लिव्हर ठीक, हे त्रिकूट दिसलं की पहिला संशय पाणथरीच्या शिरेवरच घ्यायचा. अन्ननलिकेतही शिरा असतील तर मात्र लिव्हर आणि पोर्टल व्हेन यांची कसून तपासणी झाल्याशिवाय कुणी चाकू उचलू नये.

सीटीच्या बाबतीत, तो नुसता साधा सीटी आहे की औषध शिरेत देऊन रोहिणी आणि शिरा अशा दोन्ही टप्प्यांत काढलेला, हे विचारा. दुसरा हवा. साधा असेल तर पुन्हा करावा लागेल, आणि तो खर्च वाया जात नाही. रेडिऑलॉजिस्टकडून पाच गोष्टींचं स्पष्ट उत्तर लेखी घ्या. पोर्टल व्हेन मोकळी आहे का? आतड्यांकडून येणारी शीर मोकळी आहे का? लिव्हरचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे का? स्वादुपिंडात, विशेषतः शेपटाकडे, गाठ आहे का? आणि पाणथरीच्या रोहिणीवर कुठे फुगा आलाय का?

शेवटच्या दोन प्रश्नांवर मी अडून बसायला सांगेन. स्वादुपिंडाच्या शेपटातला कर्करोगही हीच शीर बंद करतो, आणि 'जुनी सूज आहे' म्हणून तो नजरेआड होऊ शकतो. रोहिणीवरचा फुगा तर आणखी फसवा. स्वादुपिंडाचा रस रोहिणीची भिंत कुरतडतो, तिथे फुगा येतो आणि त्यातूनही रक्त आतड्यात उतरतं. त्याचीही शी काळीच. तो सीटीच्या रोहिणीच्या टप्प्यात दिसतो आणि त्याचा उपचार वेगळा आहे, जांघेतून नळी घालून कॉइलने, म्हणजे धातूच्या बारीक गुंडाळीने, तो बंद करतात. तो न बघता फक्त ग्लूवर समाधान मानलं तर पुढचा रक्तस्राव जिवावर बेतू शकतो.

लिव्हरबद्दलही एक शंका ठेवा. दारूने स्वादुपिंड बिघडतं तसं लिव्हरही. रक्ततपासण्या नॉर्मल येऊनही लिव्हर आतून कडक होत चाललेलं असू शकतं. म्हणून फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी, करून घ्या, आणि प्लेटलेट, अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रथिन), आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) हे आकडे एकत्र बघायला सांगा. दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात, आणि तसं असेल तर ऑपरेशनचं गणित बदलतं.

आता दोन डॉक्टरांच्या वेगळ्या मतांकडे. दोघांचंही खरं आहे, पण दोन वेगळ्या रुग्णांसाठी. पाणथरीची शीर बंद आहे, शिरा थोड्या फुगल्यात, पण एकदाही रक्त गेलेलं नाही, अशा माणसाची पाणथरी आधीच काढून टाकावी असं एके काळी सांगत. आता बहुतेक जाणकार तसं सांगत नाहीत, कारण यातल्या बऱ्याच लोकांना पुढे कधीच रक्तस्राव होत नाही. हे पत्र वाचणाऱ्या कुणाच्या सीटीत योगायोगाने ही गोष्ट सापडली असेल, तर घाबरून ऑपरेशन टेबलावर जाऊ नका. वेळोवेळी एन्डोस्कोपी करा, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका आणि काळ्या शीवर लक्ष ठेवा. स्वादुपिंडाचं ऑपरेशन दुसऱ्या कारणाने होणारच असेल, तर त्याच वेळी पाणथरीचाही विचार करायला सर्जनना सांगा.

तुमचे मिस्टर त्या गटातले नाहीत. त्यांना एकदा रक्त गेलंय, आणि तेही हिमोग्लोबिन ६.२ पर्यंत. फंडसमधल्या शिरा अन्ननलिकेतल्यांपेक्षा कमी वेळा फुटतात, पण फुटल्या की जोरात फुटतात. 'पुन्हा आलं तर बघू' यातली अडचण अशी की पुन्हा येईल तेव्हा ते रात्री दोन वाजता येईल, जवळच्या दवाखान्यात एन्डोस्कोपी नसेल आणि रक्तपेढी ४० किलोमीटरवर असेल. 'मला काहीच होत नाही' हे मिस्टरांचं वाक्यही खरंच आहे. या शिरा दुखत नाहीत. फुटेपर्यंत त्या काहीच सांगत नाहीत.

ग्लूने काय साधलं ते समजून घ्या. सायनोॲक्रिलेट नावाचा तो चिकट द्रव शिरेत गेला की काही क्षणांत कडक होतो आणि फुटलेली शीर बुजवतो. वाहतं रक्त थांबवायला त्याच्याइतका उपयोगी उपाय हाताशी नाही. पण मागून येणारा रक्ताचा लोंढा तसाच राहतो. एक शीर बुजली की शेजारची ताणते. म्हणून तुमच्यासारख्या परिस्थितीत मी ग्लूला ऑपरेशनपर्यंतचा पूल समजेन, त्यावरच मुक्काम करायचा नाही.

प्रोप्रॅनोलॉलसारखी दाब उतरवणारी गोळी लिव्हरच्या आजारात चांगली कामाला येते. इथे तिच्यावर विसंबावं असा भक्कम पुरावा नाही. आणखी दोन वाटा आहेत. एक, जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून पाणथरीची रोहिणी कॉइलने अंशतः बंद करणं. पाणथरीत येणारं रक्तच कमी झालं की शिरांवरचा ताण उतरतो. ज्यांचं हृदय किंवा फुप्फुस भूल सोसणार नाही त्यांच्यासाठी ही चांगली सोय आहे. पण पाणथरीचा काही भाग मरतो, त्यामुळे काही दिवस डाव्या कुशीत जोरदार दुखतं, ताप येतो आणि क्वचित तिथे पू होतो. दुसरी वाट म्हणजे बंद शिरेतच स्टेंट टाकून ती उघडणं. अडथळा ताजा आणि आखूड असेल आणि हा हात बसलेला इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट, म्हणजे नळीतून उपचार करणारा रेडिऑलॉजिस्ट, असेल तरच ती विचारात घ्यावी. वर्षानुवर्षं बंद असलेली शीर सुतळीसारखी आक्रसलेली असते.

तीच गोष्ट रक्त पातळ करायच्या गोळ्यांची. गुठळी ताजी असते, पोर्टल व्हेनकडे सरकत असते, तेव्हा त्या गोळ्यांचा विचार होतो. जुनी शीर त्यांनी उघडत नाही, आणि फुगलेल्या शिरांतून नुकतंच रक्त गेलेल्या माणसाला त्या देणं म्हणजे आगीत तेल. ओळखीच्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, पण या टप्प्यावर त्या दिल्या नाहीत हे बरोबरच झालं.

राहता राहिली पाणथरी काढणं. पाणथरीच गेली की उलटं वाहायला तिथून रक्तच उरत नाही. जठरावरच्या शिरांचा ताण जातो आणि त्या ओसरतात. अडथळा फक्त पाणथरीच्या शिरेतच असेल तर हा मुळावरचा उपाय आहे. सीटी आणि लिव्हरच्या तपासणीने हे पक्कं झालं, तर तुमच्या मिस्टरांसाठी माझा कौल ऑपरेशनकडे आहे. मात्र ते ठरवून, तयारीने केलेलं हवं. घाईघाईत रात्री उरकलेलं नको.

इथे एक आडवळण घेतो, कारण हे सदर मुलांचे आईवडीलही वाचतात. आपल्याकडे लहान मुलांना रक्ताची उलटी होण्याचं एक मोठं कारण म्हणजे पोर्टल व्हेनच बंद असणं. या मुलांची पाणथरी खूप वाढलेली असते, पोटावर हात ठेवला तरी लागते, प्लेटलेट कमी असतात, आणि नातेवाईक म्हणतात, काढून टाका एकदाची. तिथे नुसती पाणथरी काढली तर रक्तस्राव बहुधा थांबत नाही, कारण अडथळा पुढे आहे. वर पाणथरीची शीर हातातून जाते. तीच शीर डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला जोडून रक्ताला नवी वाट काढून देता येते, तिला स्प्लीनोरीनल शंट म्हणतात. एका प्रकारात पाणथरी काढून शिरेचं लिव्हरकडचं टोक जोडतात. दुसऱ्या प्रकारात, जो अमेरिकेतल्या डॉ. वॉरन आणि सहकाऱ्यांनी १९६७ साली मांडला, पाणथरी जागेवर ठेवून तिच्याकडचं टोक जोडतात. दोन्हीत ती शीर मोकळी आणि धड हवी. तुमच्या मिस्टरांची शीरच बंद आहे, म्हणून त्यांना असा शंट करता येत नाही, आणि लिव्हर निरोगी असेल तर लागतही नाही. फुगलेल्या शिरा दोघांच्याही, पण ऑपरेशनं वेगळी. म्हणून वरच्या पाच प्रश्नांवर एवढा जोर देतोय.

सासूबाईंना काय सांगायचं? मोठ्या माणसाच्या अंगात रक्त बनतं ते हाडांच्या मगजात. पाणथरी म्हाताऱ्या झालेल्या तांबड्या पेशी गाळते आणि काही विशिष्ट जंतू पकडते. ती गेल्याने रक्त बनणं थांबत नाही. पण सासूबाईंची काळजी अगदीच निराधार नाही. पाणथरी गेली की जंतूंविरुद्धची एक चौकी कायमची उठते. ती उणीव लसींनी आणि सावधपणाने भरून काढावी लागते, आणि बऱ्याच घरांत हयगय होते ती इथेच.

लसी ऑपरेशनच्या किमान १४ दिवस आधी द्यायच्या, म्हणजे पाणथरी असतानाच शरीर त्यांना उत्तर देतं. न्यूमोकॉकस या जंतूवरची काँजुगेट लस (१३ प्रकारांवरची) आधी. तिच्यानंतर किमान ८ आठवड्यांनी २३ प्रकारांवरची पॉलिसॅकराइड लस, आणि तिचा आणखी एक डोस ५ वर्षांनी. हा क्रम उलटा करू नका. मेनिंगोकॉकस या मेंदूज्वराच्या जंतूच्या ए, सी, डब्ल्यू, वाय या चार प्रकारांवरची लस ८ आठवड्यांच्या अंतराने दोनदा आणि मग दर ५ वर्षांनी. तिच्यातला एक बारकावा विचारून घ्या: काही ब्रँड न्यूमोकॉकसच्या काँजुगेट लसीबरोबर त्याच दिवशी चालतात, तर एका प्रकाराच्या लसीला ४ आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं. हिब या आणखी एका जंतूवरची लस एकदा, आणि फ्लूची दरवर्षी. सगळं एका कागदावर तारखांसह लिहून घ्या, आणि ऑपरेशनची तारीख लसींकडे बघून ठरवा. अचानक ऑपरेशन करावंच लागलं तर लसी त्यानंतर १४ दिवसांनी. डिस्चार्जच्या गडबडीत हे राहून जातं, तेव्हा डिस्चार्ज कार्डावर लसींच्या तारखा लिहिल्याशिवाय निघू नका.

सर्जनना विचारायचे प्रश्न असे. हे ऑपरेशन साध्या पाणथरीच्या ऑपरेशनपेक्षा अवघड असतं, कारण आजूबाजूला फुगलेल्या शिरांचं जाळं असतं आणि जुन्या सुजेमुळे सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं. सराईत सर्जन आधी स्वादुपिंडाच्या वरच्या कडेने जाणारी पाणथरीची रोहिणी गाठून बांधतात. आवक थांबली की पाणथरी थोडी आक्रसते, शिरा ढिल्या पडतात, मग बाकीचं सोडवणं सुरक्षित होतं. तिथपर्यंत पोचणं अवघड दिसत असेल तर आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी नळीतून रोहिणी बंद करून घेतात. 'आवक आधी कशी थांबवणार?' एवढं विचारा. दुर्बिणीतून करणार की पोट उघडून, याचा हट्ट तुम्ही धरू नका. दुर्बिणीतून सुरू करून मध्येच पोट उघडावं लागलं तर ते अपयश नसतं.

स्वादुपिंडाचं शेपूट पाणथरीच्या दारातच टेकलेलं असतं. तिथे धक्का लागला तर रस गळायला लागतो. म्हणून पोटात एक बारीक नळी ठेवतात आणि तिसऱ्या दिवशी तिच्यातल्या पाण्यातलं अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातलं एक पाचकद्रव्य, तपासतात. ते रक्तातल्या नॉर्मल मर्यादेच्या तिप्पटीच्या वर आलं तर गळती धरतात, आणि बहुतेक वेळा ती नळी जास्त दिवस ठेवूनच बरी होते. शेपटाचा तुकडा काढावा लागला तर साखर वाढू शकते. मधुमेह आधीच असेल तर हे भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घाला. रक्ताच्या निदान दोन ते चार पिशव्या जुळवून ठेवलेल्या असाव्यात. त्याआधी हिमोग्लोबिन लोहाने वाढवून घ्यावं. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, त्याने घाबरू नका. रक्ताची काळी शी डांबरासारखी चकाकते, चिकटते, भांड्यावर पाणी ओतलं तरी सहज निघत नाही आणि तिचा वास उग्र असतो. ती दिसली किंवा रक्ताची उलटी झाली, तर तपासणीची वाट न बघता गाडी काढा. आणि हॉस्पिटलमध्ये 'आणखी दोन बाटल्या रक्त लावाच' असा आग्रह धरू नका. अशा रक्तस्रावात हिमोग्लोबिन ७ ते ८ च्या आसपास राखतात. गरजेपेक्षा जास्त भरलं की शिरांमधला दाब वाढतो आणि त्या पुन्हा फुटू शकतात.

ऑपरेशननंतर डावं फुप्फुस खालून दबतं, म्हणून तीन चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं यंत्र दर तासाला ओढायला लावा. दुखतं म्हणून रुग्ण ते उशाशी ठेवून देतात आणि चौथ्या दिवशी ताप येतो. प्लेटलेट झपाट्याने वाढतात. दीड ते साडेचार लाख हे नॉर्मल, पण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आकडा दहा लाखांच्या पुढेही जाऊ शकतो. शिवाय बांधलेल्या शिरेच्या बुंध्यात गुठळी होऊन ती पोर्टल व्हेनमध्ये सरकू शकते. आधी रक्त पातळ करायचं औषध नको म्हटलं, पण या टप्प्यावर काही दिवस तेच औषध इंजेक्शनातून लागू शकतं. सर्जनना विचारा, आणि आठवड्याने आणि महिन्याने डॉप्लर सोनोग्राफी (शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी) करून घ्या. घरी गेल्यावर पोटात नवं दुखणं, उलट्या, ताप, किंवा सततची उचकी आणि डाव्या खांद्यात कळ असं काही आलं तर परतीच्या तारखेची वाट बघू नका.

पुढे आयुष्यभर तापाचा नियम वेगळा. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, किंवा ताप नसताना हुडहुडी, म्हणजे आणीबाणी समजायची. पाणथरी नसलेल्याच्या रक्तात न्यूमोकॉकस शिरला तर सकाळी साधा वाटणारा ताप रात्रीपर्यंत जिवावर बेततो. हे क्वचित घडतं, पहिल्या दोन-तीन वर्षांत धोका जास्त असतो, पण तो शून्यावर कधीच येत नाही. डॉक्टरांकडून घरात ठेवायचं प्रतिजैविक लिहून घ्या, ॲलर्जी नसेल तर बहुधा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट. ताप आला की पहिला डोस घरीच, आणि तिथून थेट हॉस्पिटल. सुरुवातीची एक-दोन वर्षं रोज पेनिसिलिनची गोळी घ्यायची की नाही, हेही विचारा. प्रत्येक तापात मलेरियाची तपासणी मागून घ्या. गडचिरोलीसारख्या भागात जाणं-येणं असेल तर मच्छरदाणी आणि मलेरियाची प्रतिबंधक गोळी यांचं आधी बोलून घ्या. कुत्रं चावलं, अगदी घरचं असलं तरी, जखम साबणाने धुऊन रेबीजच्या लसीबरोबर हे प्रतिजैविकही लगेच सुरू करायचं. खिशात एक कार्ड असू द्या: 'पाणथरी काढलेली आहे', तारीख, लसी, ॲलर्जी, तुमचा फोन.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यायची असते, म्हणून रेशनकार्ड आणि सीटीचा रिपोर्ट घेऊन लवकर जा. पॅकेजमध्ये लसी धरल्यात का, हे वेगळं विचारा.

आणि ताई, दारूचं. तुम्ही लपवलंत ते डॉक्टर रागावतील, ऑपरेशन नाकारतील या भीतीने, हे समजतं. पण रोज किंवा बऱ्यापैकी घेणाऱ्याची दारू ॲडमिट झाल्यावर अचानक तुटते. आधी हात थरथरतात, घाम सुटतो. दोन-तीन दिवसांनी माणूस बरळायला लागतो, नळ्या ओढतो, टाके ताणतात. बाहेरून ते जंतुसंसर्गासारखंच दिसतं आणि डॉक्टर भलतीकडे शोधत बसतात. आधी माहीत असेल तर थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) आणि शांत ठेवणारी औषधं वेळेवर सुरू होतात. स्वादुपिंडाला पुन्हा सूज आली तर पाणथरी काढूनही पोर्टल व्हेनची पाळी येऊ शकते, तेव्हा व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांची भेट ऑपरेशनच्या आधीची ठरवा. तंबाखू, गुटखा असेल तर तेही त्यातच, कारण स्वादुपिंडाला त्याचाही त्रास होतो.

मिस्टरांना न दुखावता हे करायचं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या तपासणीला तुम्ही सोबत बसा. ते स्वतः विचारतील, 'शेवटची कधी घेतली, किती घेतली?' उत्तर मिस्टरांना देऊ द्या. आकडा चुकला तर तिथेच, त्यांच्यासमोर, शांतपणे बरोबर आकडा सांगा.